बाटली आडवी झाली, पुढे काय?

27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्रात दोन बातम्या आल्या. राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, आणि त्याच दिवशी पुण्यात डॉ. अनिल अवचट गेले. पहिल्या बातमीवर कित्येक दिवस वाद झडले, उपोषणाचे इशारे दिले गेले आणि निर्णय बारगळला. दुसऱ्या बातमीवर आदरांजलीचे लेख आले. व्यसनी माणूस बरा होऊ शकतो, हे अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता यांनी 'मुक्तांगण' उभारून दाखवून दिलं होतं. ते काम राज्याच्या प्रत्येक तालुक्यात कसं पोचवायचं, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात ऐकूच आला नाही.

दारूचा विषय निघाला की आपण दुकानापाशी अडतो. दुकान बंद हवं की चालू, यावर पक्ष बदलले तरी भांडण तेच राहतं. मला या लेखात दुकानाबद्दलही बोलायचं आहे, कारण तो प्रश्न खरा आहे. पण त्याहून मोठा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. दारूपायी ज्यांची वाताहत होते त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही उपचार मिळत नाहीत, आणि ते मिळवून देणं आपल्या आवाक्यातलं आहे.

दुकानाचा वाद जुना आहे. 1880 साली जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला होता. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या 47व्या अनुच्छेदाने दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. मुंबई प्रांताचा 1949 चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची 25, तर बिअरसाठी 21 वर्षं पूर्ण असावी लागतात. काउंटरवर वयाचा दाखला मागितला जाताना क्वचितच दिसतो. याच राज्यात जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केलं, धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या वर्गाला मान्यता दिली आणि वर्षाला सुमारे 14 हजार कोटींचं वाढीव उत्पन्न अपेक्षित धरलं. दारू महाग करणं आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या पाच प्रमुख उपायांत किंमतवाढ आहे. पण महाग दारूच्या शेजारी स्वस्त दारूचा नवा पर्याय ठेवला, तर गरीब पिणारा पिणं कमी करत नाही, बाटली बदलतो. या वाढीव रकमेतला ठरावीक हिस्सा उपचारांसाठी कायमचा बांधून द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

बंदीचे प्रयोगही महाराष्ट्राने केले आहेत. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने आणि गावोगावच्या लोकांनी आंदोलन उभारलं, तेव्हा 1993 मध्ये बंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी मोठा लढा दिला. तिथे 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली. उठवताना अवैध दारू वाढली, तिच्या धंद्यात बायका आणि मुलंही ओढली गेली, अशी कारणं दिली गेली.

बंदीचा उपयोग होतो की नाही, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. बिहारमधल्या 2016 च्या बंदीचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिण्याची सुमारे 24 लाख प्रकरणं आणि नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे 21 लाख प्रकरणं टळली असावीत, असा त्याचा अंदाज आहे. ही किरकोळ गोष्ट नाही. ज्या घरात रात्री बाई शांतपणे झोपली, त्या घरापुरतं तरी तेच सगळं उत्तर आहे. पण त्याच बिहारमध्ये डिसेंबर 2022 मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसं मेली. आणि विषारी दारूला बंदीच लागते असंही नाही. मुंबईत दारूची दुकानं उघडी असताना जून 2015 मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, कारण त्यांना परवडणारी दारू दुकानात मिळत नव्हती. अशा दारूत मिथेनॉल असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी नजर जाते, मग जीव. वेळेत डायलिसिस झालं तर माणूस वाचू शकतो. पण दारू अवैध असल्याने लोक घाबरून उशिरा येतात, आणि तो उशीर जिवावर बेततो.

वरून लादलेल्या बंदीपेक्षा मला गावाने घेतलेला निर्णय जास्त टिकाऊ वाटतो. महाराष्ट्रात त्यासाठी 2008 च्या आदेशाने चांगली सोय केली आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद होतं. अट मात्र कडक आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, नवऱ्याने घरात कोंडून ठेवलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार-खासदारांच्या निवडणुकीला जी अट नाही, ती या बायकांना का, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलं नाही.

समजा, बाटली आडवी झाली. दुकानाला टाळं लागलं. त्या गावात रोज सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून क्वार्टर घेणारे जे लोक आहेत, त्यांचं त्या रात्री काय होतं?

हा प्रश्न डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे, कारण दुकान बंद नसतानाही तो त्यांच्या वॉर्डात येतो. मांडीचं हाड मोडून चाळिशीचा माणूस दाखल होतो. पहिला दिवस ठीक जातो. दुसऱ्या दिवशी हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप येत नाही. एखाद्याला फिट येते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अंगावरची चादर चाचपून किडे झटकू लागतो, मेलेल्या बापाशी बोलतो, सलाईन उपसून खाटेवरून उतरायला बघतो. नातेवाइकांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. कुणी अंगाऱ्याची पुडी आणतं. खरं तर त्याची रोजची दारू अचानक तुटलेली असते. दारूने मेंदूला जो ब्रेक लावून ठेवला होता तो एकदम सुटतो आणि मेंदू बेफाम धावतो. यावर उपचार आहे, आणि तो महाग नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं मोजून द्यायची आणि काही दिवसांत कमी करत आणायची. जोडीला थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. तेही ग्लुकोजचं सलाईन चढवण्याआधी, नाहीतर स्मृती कायमची अधू होण्याचा धोका असतो. हे वेळेवर झालं नाही तर माणूस दगावू शकतो. 2020 च्या टाळेबंदीत दारू एकाएकी मिळेनाशी झाली, तेव्हा बंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थांत असे गंभीर रुग्ण वाढल्याची नोंद आहे. आपल्याकडे गटारी उलटली की श्रावण पाळणारे लाखो लोक आहेत. बहुतेकांना काही होत नाही, महिनाभर थांबता येतं हे त्यांना स्वतःलाच कळतं, ते चांगलंच आहे. पण जो रोज सकाळपासून पितो, त्याने पोथीसमोर शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडणं धोक्याचं आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं वारकऱ्यांमध्ये घरोघर भेटतात. ती परंपरा मला मोलाची वाटते. त्या माळेसोबत पहिला आठवडा डॉक्टरची देखरेख असली पाहिजे.

आता आकडे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी भारतीय दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण 27 टक्क्यांच्या वर आणि बायकांत दीड टक्क्याच्या आसपास आहे. सुमारे 5.7 कोटी लोकांचं पिणं मदत लागावी इतकं घातक आहे, आणि त्यातले सुमारे 2.9 कोटी पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेले आहेत. या शेवटच्या गटातल्या दर 38 जणांमागे एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला दर 180 जणांमागे एक. मधुमेहाच्या 38 रुग्णांतल्या 37 जणांना गोळीच मिळत नाही असं उद्या कळलं, तर विधानसभा डोक्यावर घेतली जाईल.

त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. 5.7 कोटींतून 2.9 कोटी वजा केले की जवळपास तेवढीच माणसं उरतात, जी अजून पूर्ण आहारी गेलेली नाहीत. ती कामावर जातात. पगाराच्या दिवशी निम्मा पगार उडवतात, शनिवारी गाडी घसरवतात, बायकोवर हात उगारतात, सोमवारी दांडी मारतात. त्यांना गाव बेवडा म्हणत नाही, म्हणून तेही स्वतःला आजारी समजत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायचा सल्ला त्यांना अपमान वाटतो. आपल्या सगळ्या व्यवस्थेत या माणसांसाठी जवळजवळ काहीच नाही.

यांच्यासाठी काय करता येतं, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे, आणि मला तो प्रयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावासा वाटतो. 'सांगात' ही गोव्यातली संस्था. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. आरोग्य केंद्रात खोकला, पाठदुखी, तापासाठी आलेल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेचे दहा प्रश्न विचारले गेले: किती वेळा पिता, एका वेळी किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं कधी झालं का, आदल्या रात्रीचं आठवेनासं झालं का. ज्यांचं पिणं घातक पातळीवर होतं, पण अगदी शेवटच्या टोकाला गेलेलं नव्हतं, त्यांच्यातल्या निम्म्यांना समुपदेशन देऊ केलं गेलं. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास.

समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती त्याच भागातली, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. पहिल्या भेटीत ते समोरच्याला त्याच्याच उत्तरांवरून दाखवायचे की दारूचा त्याच्या पैशावर, तब्येतीवर, घरावर काय परिणाम होतोय. उपदेश नाही, धाक नाही. पुढे काय करायचं ते त्याने स्वतः ठरवायचं. मग मित्राने 'एक तरी घे' म्हटल्यावर काय बोलायचं, पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी जायचं, राग आला की काय करायचं, याचा सराव. शेवटी, पुन्हा घसरलो तर काय, याची तयारी. समुपदेशक आपल्या बैठकींच्या ध्वनिफिती एकमेकांना ऐकवायचे आणि चुका दाखवायचे. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात 42 टक्के होते, दुसऱ्यात 18. वर्षानंतरही फरक टिकून होता. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. तरीही चार बैठकींत एवढं साधत असेल, तर महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजतात तसे हे दहा प्रश्न का विचारले जात नाहीत?

जे टोकाला गेले आहेत त्यांच्यासाठी निवासी उपचार लागतात, आणि तिथे मुक्तांगणचं काम वाटाड्याचं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर शिरली. अवचटांनी 'गर्द' ही लेखमाला लिहिली, आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केल्यावर 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झालं. पन्नीवरचा धूर ओढणारी तरुण मुलं तिथे 'टर्की'त, म्हणजे ड्रग तुटल्यावरच्या त्रासात, तळमळायची आणि बरी झालेली मुलं त्यांच्या उशाशी बसायची. बरा झालेला रुग्णच पुढे कार्यकर्ता होतो, रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट असतो, आणि घरी गेल्यावर फॉलोअप सुटू दिला जात नाही. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं. महिन्याभराच्या निवासात शरीर सावरतं. पण सोडलेला माणूस पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त वेळा घसरतो, आणि तेव्हा तो केंद्रापासून दोनशे किलोमीटर दूर, जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर असतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा ही पोकळी विनामूल्य भरून काढतात. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून निघालेली ही चळवळ महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत शाळेच्या खोल्यांत, चर्चच्या हॉलमध्ये चालते.

औषधंही आहेत. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट मानसोपचारतज्ज्ञ देतात. यकृताची अवस्था बघून निवड करावी लागते. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, ओकारी येते. ते रुग्णाच्या संमतीने, त्याला सगळं समजावूनच द्यायचं औषध आहे. 'न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत नेमकं काय आहे हे घरच्यांना कधीच कळत नाही. त्यात हेच औषध असेल आणि नवरा बाहेरून पिऊन आला, तर रक्तदाब कोसळून तो मरू शकतो. हताश झालेल्या बायकोला मी दोष देणार नाही. तिला खरा उपचार कुठे मिळतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ड्रग्जचा नकाशा दरम्यान बदलला. ब्राउन शुगरच्या जोडीला 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन आलं, जे 2015 मध्ये अमली पदार्थांच्या यादीत घातलं गेलं. 2023-24 मध्ये नाशिक, सोलापूर, कुरकुंभ इथे त्याचे कारखानेच सापडले. मालेगावात झोपेच्या गोळ्यांना 'कुत्ता गोळी' म्हणतात आणि पोलीस त्यांचे साठे पकडत असतात. स्टेशनांवरची मुलं रुमालात व्हाइटनर किंवा सोल्यूशन घेऊन हुंगतात. 2019 च्या अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मुलांमध्ये मोठ्यांच्या दुप्पट निघालं, आणि कुठल्याही दुसऱ्या पदार्थाबाबत असं दिसलं नाही. अफूवर्गीय व्यसनांना ब्युप्रेनॉर्फिन हा भक्कम आधार आहे. तो सुईतून पसरणारा एचआयव्हीही रोखतो. एमडीला असं औषध नाही, तिथे समुपदेशन आणि सोबत हाच उपचार. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, पण त्याच कायद्याच्या 64-अ कलमाने थोड्या मालासह सापडलेल्या किंवा सेवन केलेल्या व्यसनी माणसाला स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून सूट मिळू शकते. हे कलम किती पालकांना ठाऊक आहे? मुलगा पकडला गेला तर आयुष्यातून उठेल, या भीतीने घरं गप्प राहतात आणि उपचाराची वर्षं वाया जातात.

प्रतिबंधाच्या नावाखाली शाळांत आपण भाषणं, प्रभातफेऱ्या आणि पोस्टर स्पर्धा करतो. नुसती भीतिदायक माहिती देणं, पोलिसाचं व्याख्यान ठेवणं किंवा पूर्वी व्यसनी असलेल्याला मुलांसमोर उभं करणं याने व्यसन रोखलं जात नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविरोधी कार्यालयाने जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं आहे. उपयोग होतो तो लहान वयापासून पालकांना साथ दिल्याने, वर्गात नकार देण्याचा आणि भावना सांभाळण्याचा सराव करून घेतल्याने, शाळेशी मुलाचं नातं घट्ट ठेवल्याने. हे काम संथ आहे, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते मागे पडतं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार मानसिक आजारांतच धरले आहेत. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे, रुग्णाला मारहाण किंवा साखळदंड गुन्हा आहे. तरीही कोंडून, मारून दारू सोडवणारी केंद्रं चालतात आणि त्यांत माणसं दगावल्याच्या बातम्या येत राहतात. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद बघावा, घरच्यांना भेटू देतात का ते विचारावं, डॉक्टर रोज येतो का ते डोळ्यांनी पाहावं.

दुकान आणि दवाखाना यांची सांगड घालण्याचा प्रयत्न गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ'ने केला. गावपातळीवर संघटना, अवैध विक्रीवर अंकुश, आणि त्याच वेळी तालुक्याच्या ठिकाणी व्यसनाचा दवाखाना. मला यातलं 'त्याच वेळी' महत्त्वाचं वाटतं. ज्या आठवड्यात बाटली आडवी होते, त्याच आठवड्यात जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थायमिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड असायला हवं, आशाताईला कुणाचे हात थरथरतात हे विचारायला सांगितलेलं असायला हवं. मतदान घेणाऱ्या तहसीलदाराने तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक पत्र पाठवलं, तरी याची सुरुवात होईल.

तोवर ज्या घरात हा प्रश्न आज आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम थांबू नये. 'टेलिमानस'चा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. दोन वेळा सोडून पुन्हा धरलेला माणूस हाताबाहेर गेला असं समजू नये. बरे झालेल्यांतले पुष्कळ जण असेच घसरत-सावरत बरे झाले आहेत. नवरा उपचाराला तयार नसेल तर बायकोने एकटीने आधी जावं. समुपदेशक तिच्याशीही बोलतो, दारुड्यांच्या कुटुंबीयांच्या अल-अ‍ॅनॉन मीटिंगा त्यासाठीच असतात. आणि घरात मारहाण होत असेल तर नवऱ्याची दारू सुटायची वाट न बघता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही, आणि राहत्या घरातून तिला बाहेर काढता येणार नाही, असा आदेश मागता येतो.